चालू स्थितीत

"केस स्वतः विंचरते?"

"विंचरते."

"रस्ता ओलांडते?"

"ओलांडते की."

तपासणीस बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मग तुम्ही इथे आलात कशाला?"

प्रश्न बरोबर होता. मी छोटीसाठी सोबतीण मागायला आलो होतो. छोटी, म्हणजे माझी मुलगी, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण घरात छोटीच. तिला अठरा पूर्ण झाली आणि मुलांच्या विभागाने तिची फाईल बंद केली. स्वमग्नता काही वाढदिवसाला संपत नाही, पण फाईल संपते. मोठ्यांच्या विभागात सगळं पहिल्यापासून. मेणबत्त्या खोक्यांत भरायच्या कार्यशाळेत तिला जागा मिळाली होती. आठ दिवस ती तिथे जाऊन आली आणि आठही दिवस घरी येऊन टाळ्या वाजवत घरभर फिरली. पण सरकारने मंजूर केलेली सोबतीण असेल तरच कायमचा प्रवेश, आणि जागा राखून ठेवणार ती महिनाअखेरपर्यंत. पहिला अर्ज मी भरला होता. उत्तर आलं, 'साहाय्याची गरज आढळत नाही.' म्हणून ही दुसरी तपासणी.

त्याआधीचे सगळे अर्ज बायकोने भरले. शाळेचा, प्रमाणपत्राचा, वाचा-उपचारांचा, मग पुन्हा प्रमाणपत्राचा. मी फक्त सही करायचो. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या कामात कागद शेवटी भरतात. लिफ्ट दोनदा वरखाली नीट गेली की 'चालू स्थितीत' लिहायचं आणि निघायचं. अर्ज समोर आला तेव्हा मी तेच केलं. प्रत्येक प्रश्नापुढे येते, येते, येते. आणि खरं सांगायचं तर लेकीच्या नावापुढे 'येत नाही' लिहायला माझा हातच वळत नव्हता.

"बोलते का?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. छोटीने तो पटकन उचलला.

"नमस्कार, ताई," ती म्हणाली. "फाईल क्रमांक लिहून घ्या. नाही नाही, वरचा नाही, खालचा. साहेब जेवायला गेलेत? जेवू द्या सावकाश. मी थांबते."

आवाज, ठेका, 'सावकाश'वरचा तो खोचक जोर, सगळं बायकोचं. छोटी ऐकलेलं जसंच्या तसं म्हणते. आणि आईला तिने सगळ्यात जास्त ऐकलं ते फोनवर, कुठल्या ना कुठल्या कचेरीशी बोलताना.

पलीकडच्या, मुलांच्या विभागाच्या टेबलावरचे वयस्कर कारकून ताडकन उठले. "अहो, हा तर त्या बाईंचा आवाज! बारा वर्षं त्यांनी मला एक घास सुखाने खाऊ दिला नाही! कुठायत त्या?"

"गेली," मी म्हणालो. "सात महिने झाले."

ते परत खुर्चीत बसले. "मला वाटलं, आमच्यावर रुसल्या."

"वरिष्ठांना द्या," छोटी फोनमध्ये म्हणाली.

"अहो, मीच वरिष्ठ आहे!" फोनमधून कुणीतरी ओरडलं.

सगळी खोली हसली. मीही हसलो, अगदी पोट धरून. बायको गेल्यापासून असा हसलो नव्हतो.

"किती छान बोलते हो!" बाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यांचं पेन 'बोलणे' या रकान्याकडे गेलं.

मी गप्प बसू शकलो असतो. खोलीभर माणसांनी छोटीचं कौतुक केलंय, असं कधी झालं नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "ते तिचं बोलणं नाही. तिच्या आईचं आहे."

पेन थांबलं.

"मागे एकदा तीन दिवस ती जेवली नाही. गाल धरून बसायची आणि फाईल क्रमांक म्हणायची. मला वाटलं, आईची आठवण येतेय. मी शेजारी बसून रडलो. चौथ्या दिवशी गाल सुजला. दाढ किडली होती. दुखतंय, एवढंसुद्धा तिला सांगता येत नाही. लिहा, येत नाही."

हे सगळं मी तिच्यासमोरच बोलत होतो. ती टेबलावरचे शिक्के उंचीप्रमाणे रांगेत लावत होती.

"आणि रस्ता?" बाईंनी हळू विचारलं.

"मी हात धरला तर. सोडला तर मधोमध उभी राहते आणि हॉर्न वाजवणाऱ्यांकडे बघून हसते."

"केस?"

"पुढचे विंचरते. मागेही केस आहेत, हे तिच्या गावीही नाही."

कारकून खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसले. "अहो, हिच्या आई अर्जात नेहमी वाईट दिवस लिहायच्या. म्हणायच्या, चांगल्या दिवसाला सरकार कशाला हवं?"

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"तुम्ही न वाचताच सही करता, असंही म्हणायच्या."

पुन्हा हशा. मग तासभर आम्ही 'येते' खोडून 'येत नाही' लिहीत बसलो. प्रत्येक खाडाखोडीपाशी माझी सही लागली. या वेळी मी वाचून केली.

महिना संपायला चार दिवस असताना मंजुरी आली. सोमवारी सकाळी सोबतीण दारात हजर. बारीकशी, चटपटीत, पायात खेळाडूचे बूट. तिने मला शंभर प्रश्न विचारले. मी सगळी उत्तरं वाईट दिवसांची दिली.

"बरं, आणि चांगल्या दिवशी काय करते?" तिने विचारलं.

"ते तुम्हीच बघा," मी म्हणालो.

दोघी निघाल्या. छोटी पदपथावरच्या फरश्यांच्या सांध्यांवर पाय देत नाही. एक फरशी सोडून दुसरीवर, लांब ढांगा टाकत चालते. सोबतिणीने दहाएक पावलं नुसतं पाहिलं. मग तीही तशीच चालू लागली. कोपऱ्यावर गटाराचं रुंद झाकण आहे. तिथे दोघी थांबल्या, एकमेकींचा हात धरला आणि एकदमच उडी मारली.