पलंगाखालची बॅग

दर चोवीस जानेवारीला, दुपारी बरोबर बारा वाजता, मेलितोन आपल्या लेकीला एक खोली भेट द्यायचा. वीतभर रुंद, वीतभर उंच, पुढची भिंत नसलेली. आत पलंग, टेबल, चूल, कपाट. अशा आठ वर्षांच्या आठ खोल्या बासिलियाच्या उशाशी फळीवर रांगेनं मांडलेल्या होत्या. आणि गंमत बघा, आठही तिनं स्वतःच्याच हातानं केलेल्या! बापानं त्या आपल्या दुकानातून उचलायच्या, धूप दाखवून आणायच्या आणि तिच्याच पदरात घालायच्या. स्वयंपाकिणीला तिचंच जेवण वाढून वर "पोटभर जेव हो" म्हणण्यातला प्रकार.

हसण्यावारी नेण्याइतकं ते साधं नव्हतं. ला पाझमध्ये अलासिताची जत्रा म्हणजे काही पोरखेळ नाही. त्या दिवशी बाराच्या ठोक्याला जी चिमुकली वस्तू घ्याल आणि धूप देऊन घरी न्याल, ती वर्षाच्या आत मोठी होऊन दारात येते. घर हवं त्यानं घर घ्यावं, गाडी हवी त्यानं गाडी, नवरा हवा असेल तिनं मातीचा कोंबडा. पण आपलं आपणच घेतलं तर त्यात जोर नसतो. दुसऱ्याच्या हातून आलं तरच फळतं. आता बासिलियाला दुसरं कोण देणार? बापच. आणि बाप देणार खोली. आठ वर्षं तिच्या नावानं वर एकच मागणं पोचत होतं, की पोरीला घरातच राहू दे. ते मागणं बिनचूक पुरं होत होतं.

बासिलिया छत्तिशीची झाली होती. आई गेली तेव्हा ती सत्तावीसची होती आणि तिची खरी बॅग भरून तयार होती. कोचाबांबाला तिची मैत्रीण सेनोबिया लाकडी खेळण्यांचा कारखाना काढत होती, तिथं जायचं होतं. आईचे दिवस झाले आणि तिसऱ्या सकाळी मेलितोनच्या हातातला चहाचा पेला थडथडायला लागला. चहा सगळा मांडीवर सांडला. "पोरी," तो म्हणाला, "माझे हात गेले." ज्या हातांनी काडेपेटीच्या काडीतून चार खुर्च्या काढाव्यात, ते हात! बासिलियानं बॅग रिकामी करून कपाटावर टाकली. त्या बॅगेत आता प्लॅस्टरचे साचे होते.

तेव्हापासून काम सगळं तिचं. सार्डिनच्या डब्याच्या पत्र्यातून चूल कापायची, टाचणीच्या डोक्याची मूठ करून खण ओढता येईल असं कपाट बनवायचं, जुन्या परकराच्या लेसचे पडदे, लामा या जनावराच्या लोकरीच्या गाद्या. दुकानावर पाटी मात्र ‘मेलितोन तिकोना यांच्या खोल्या’. तो जत्रेत उभा राहून ओरडायचा, गिऱ्हाइकांशी थट्टा करायचा, आणि संध्याकाळी लेक त्याला सूप भरवायची. सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणंही तीच लावायची. ती लावताना तो मान वर करून छताकडे बघत राहायचा आणि तिला त्याची इतकी कीव यायची, की दुसरं काही बोलायला तोंडच उघडायचं नाही.

यंदा डिसेंबरात सेनोबियाचा फोन आला. "हे बघ, मी नऊ वर्षं वाट बघितली. दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, नवीन माणूस ठेवतेय. तू आलीस तर तू, नाहीतर दुसरी. पुन्हा विचारायची नाही, मग रडू नकोस."

"ताताचे हात गं..." बासिलियानं बापाचं कारण पुढं केलं.

"ताताचे हात, ताताचे हात! आणि तुझे हात कुणाचे आहेत?"

फोन ठेवून बासिलिया टेबलाशी बसली. तिचाच हात दगडाखाली अडकला होता, आणि तो दगड म्हणजे जन्मदाता बाप. ढकलायचा कसा? तोंडावर "जाते" म्हणायची छाती नव्हती. पण वरून जर तशी सोय झाली, धुपातून, रीतीप्रमाणे, तर त्यात तिचा काय दोष? अशी मग तिनं युक्ती काढली.

बापाची आवड तिला पाठ होती. हिरवा पलंग, निळी भिंत, खिडकीत जिरेनियमची कुंडी, म्हणजे आईच्या वेळपासूनची त्यांची स्वतःची राहती खोली. तशी एकच खोली तिनं यंदा केली, बाकी सगळ्या गुलाबी आणि पिवळ्या. तो हीच उचलणार यात शंका नव्हती. आणि त्या हिरव्या पलंगाखाली, भिंतीला टेकवून, तिनं एक बॅग ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढी, खऱ्या चामड्याची, पितळी कडीची. आत घड्या घातलेले तीन परकर, एक शाल आणि कोचाबांबाच्या बसचं तांदळाएवढं तिकीट. ताता खोली देईल आणि खोलीबरोबर बॅगही देईल. त्याच्याच हातून, त्याला नकळत!

एकच गोष्ट तिनं नेहमीपेक्षा वेगळी केली. खोलीतली प्रत्येक वस्तू डिंकानं चिकटवायची असते, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत चूल पलंगावर चढते. बॅगेला तिनं डिंक लावला नाही. चिकटलेली बॅग प्रवासाला कशी जाणार? तुम्ही-आम्ही हसू, पण अलासिताचा कुठलाही कारागीर हेच म्हणेल.

या घराण्याचा आणखी एक नियम होता, मेलितोनच्या बापापासूनचा. खोलीत माणूस ठेवायचा नाही. बाहुली नाही, बाळ नाही, पाळण्यातसुद्धा कुणी नाही. "खोली मोकळी द्यायची," मेलितोन गिऱ्हाइकांना सांगायचा. "आत माणूस चिकटवला की तो तिथलाच झाला. जिवंत माणसाला डिंक लावणं पाप आहे." आदल्याच वर्षी एका बाईनं खिडकीत आपल्या नवऱ्याची बाहुली मागितली तेव्हा त्यानं तिला हाकलून दिलं होतं.

तेवीसला दुपारी बासिलिया झालरी आणायला खाली बाजारात गेली, ती दोन तासांनी आली. मेलितोननं तोवर हिरव्या पलंगाची खोली झगझगीत कागदात गुंडाळून बाजूला ठेवली होती. कागद वेडावाकडा, सुतळीची गाठ दातांनी ओढलेली.

"उद्या पाऊस आला तर?" तो म्हणाला. "ही तुझी. उघडू नकोस."

"बरं, ताता." ती आणलेल्या झालरी सोडवायला बसली.

दुसऱ्या दिवशी जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी एन्कार्ना मावशीचं खोट्या नोटांचं दुकान. मावशीची जीभ म्हणजे कात्री. "काय गं, यंदा तरी कोंबडा घेतेयस का? का तुझ्या बापानंच आरवायचं?"

"बाप आरवतोय तोवर पहाट होतेय ना, मावशी?" मेलितोननं मध्येच उत्तर दिलं आणि सगळे हसले. बासिलियाही हसली. मनात म्हणाली, हस बाई, शेवटचं हसून घे.

बारा वाजले. घंटा सुरू झाल्या आणि सगळा बाजार पेटल्यासारखा ओरडू लागला. जो तो आपली वस्तू उंच धरून धूप देणाऱ्यांकडे धावत होता. त्यांच्यातल्याच म्हाताऱ्या सिक्स्तोनं निखाऱ्यांवर राळ टाकली, कागदातली खोली धुरातून तीनदा फिरवली, वर दारू शिंपडली, पिवळ्या पाकळ्या टाकल्या.

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या लेकीच्या. बासिलिया तिकोनाच्या," मेलितोन म्हणाला. थरथरत्या हातांनी त्यानं ती खोली तिच्या हातात दिली. "जे आत आहे ते तुला लाभो."

जे आत आहे ते! बासिलियाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं बापाला मिठी मारली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा राग आला नाही. बिचारा, स्वतःच्या हातानं मला निरोप देतोय आणि त्याला ठाऊकही नाही. सेनोबियाला काय सांगायचं तेही तिनं तिथंच ठरवून टाकलं. दुपारी मका, वाल आणि तळलेल्या चीजचं ताट तिनं त्याला भरवलं तेही मायेनं.

संध्याकाळी उरलेला माल घरी आणला. मेलितोन टेबलाशी बसला. बासिलियानं पलीकडे आपल्या पलंगावर बसून कागद सोडवला आणि वाकून हिरव्या पलंगाखाली बघितलं.

बॅग नव्हती.

पडली असेल, सरकली असेल, म्हणून तिनं बोट फिरवलं. मग नजर वर गेली. बॅग कपाटावर होती. भिंतीशी नीट लावलेली, कडी उघडी, रिकामी. उजवीकडच्या निळ्या भिंतीत चार खुंट्या होत्या. बासिलियानं खुंट्या केल्याच नव्हत्या! टाचण्या वाकवून केलेल्या खुंट्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर, प्लॅस्टरला एक केसभरही तडा नाही. तीन खुंट्यांवर तिचे तीन परकर, चौथीवर शाल. घड्यांच्या रेषासुद्धा बोटानं साफ केलेल्या. तिकीट कुठंच नव्हतं.

गावाहून परत आलेल्या माणसाचं सामान लावतात तसं लावलं होतं सगळं.

घरात माणसं दोन. एक ती. तिनं त्या खुंट्यांकडे पुन्हा बघितलं. असलं काम तिला स्वतःला तरी जमलं असतं का? तिला गुरूचा हात ओळखता येत होता. लहानपणी तोच हात धरून ती शिकली होती.

पलीकडे पेला बशीवर थडथडत होता.

"ताता," ती म्हणाली. "ह्या खुंट्या छान झाल्यात."

थडथड थांबली.

मेलितोनचा हात टेबलावर होता. तो हलत नव्हता. दोघंही त्या हाताकडे बघत राहिली. साठ वर्षं सुरी चालवलेला, रुंद नखांचा, अगदी स्वस्थ पडलेला हात.

"खोली उचलली तर आत खडखडलं," तो म्हणाला. "तुझ्या कामात कधी खडखडत नाही. म्हणून बघितलं."

"नऊ वर्षं, ताता! नऊ वर्षं मी तुम्हाला चमच्यानं भरवलं! तुमची बटणं लावली! लाज नाही वाटली? रोज सकाळी छताकडे बघत होतात ते काय, हसू आवरत होतात?"

"लाज वाटायची म्हणूनच बघायचो." तो पुटपुटला. "पहिल्या दिवशी खरंच थरथरले गं. तुझ्या आईची शपथ. आठवडाभर. मग थांबले. तू बॅग रिकामी केली होतीस. आता सांगितलं तर पुन्हा भरशील... आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता..." त्यानं तोंड फिरवलं. "मी भित्रा आहे. एकट्यानं ह्या घरात मला मरायचं नव्हतं."

बासिलिया रडली नाही. रडायची वेळ गेली होती, आणि बाराची वेळही गेली होती, हे त्याहून वाईट. धूप ह्याच खोलीला दिला होता. रिकामी बॅग, खुंटीवर परकर. जे आत आहे ते तुला लाभो. देवाला जाऊन काय सांगणार, की माझ्या बापानं पाचर मारली? घरभर नजर फिरवावी तर समोर तेच. हिरवा पलंग, निळी भिंत, कपाटावर बॅग. आठ खोल्या आणि ही नववी, एकात एक, एकात एक. तिनं ती चिमुकली खोली मांडीवर घेतली, आता आपटावीच म्हणून वर उचलली, आणि उचलता उचलता आत बघितलं.

पलंग होता, चूल होती, कुंडी होती, परकर होते. बघत बघत ती थांबली.

"ताता," ती हळूच म्हणाली, "ह्यात मी कुठं आहे?"

"म्हणजे?"

"सगळं आहे. मी नाही. तुमचे हात तर ठीक होते. एक बाहुली करायला कितीसा वेळ लागला असता? चुलीशी बसवायची, डिंक लावायचा, झालं. का नाही केलीत?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "पाप लागतं," तो म्हणाला. मग खिशाकडे हात नेत, "घेतली होती काडी हातात. तुझं नाक कोरलं आणि... नाही झालं माझ्याच्यानं."

त्यानं खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. अर्धवट कोरलेली काडी, आणि तिच्या शेजारी तांदळाएवढं तिकीट.

बासिलियानं तिकीट उचललं. काडी तशीच राहू दिली. मग ती उठली, खुंटीवरच्या आपल्या खऱ्या परकरांना हात लावला नाही, शालीला लावला नाही, कपाटावरची साच्यांची बॅगही तशीच राहू दिली. फक्त कामाचा चिमटा उचलला आणि धारेची सुरी फडक्यात गुंडाळली.

"थंडी आहे," बाप म्हणाला. "शाल तरी घे."

"शाल इथंच आहे, ताता. धूप दिलाय तिला." तिनं दार उघडलं. "कोचाबांबाची बस आठला आहे. सूप गरम आहे, घ्या आपल्या हातानं."

दारातून तिनं एकदाच मागं बघितलं. मेलितोन उठून उभा राहिला होता, आणि सदऱ्याचं वरचं उघडं राहिलेलं बटण लावायला लागला होता. हात त्याचे आता खरंच थरथरत होते. बासिलियाला ते दिसलं. हातातलं तिकीट तिनं घट्ट धरलं, आणि दार ओढून घेतलं.