ओरडणारं यंत्र आणि गप्प यंत्र

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं कापणी झालेलं गव्हाचं शेत. कुत्र्याला फिरवताना टॅम्सिनच्या आईची लग्नातली पातळ सोन्याची अंगठी तिथे पडली. शेतमालकाने शोधायला परवानगी दिली, पण सोमवारी नांगर फिरणार होता. म्हणून शनिवारी नऊ वर्षांची टॅम्सिन बाबांबरोबर धातुशोधक यंत्र घ्यायला गेली.

दुकानात दोन यंत्रं होती. एक कुठल्याही धातूवर ओरडायचं. दुसरं खिळे आणि चंदेरी कागद यांवर गप्प राहायचं.

"गप्प राहणारं नका घेऊ," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "पातळ सोनं आणि चॉकलेटचा चंदेरी कागद, यंत्राला दोन्ही सारखंच."

"कागद उकरत बसायला मी काय रिकामटेकडा आहे?" बाबा हसले आणि त्यांनी गप्प राहणारंच घेतलं.

रविवारी दोघांनी सगळं शेत पालथं घातलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "अंगठी शेतात पडलीच नाही. तुला ती बोटात नकोच होती, सरळ सांग ना!"



नांगरणी झाल्यावर टॅम्सिनने शेजारच्या ईडिथ आजींकडून ओरडणारं यंत्र आणलं. कितीतरी चंदेरी कागद उकरल्यावर अंगठी सापडली. नांगराच्या फाळाने तिचे दोन तुकडे केले होते.

बांधावरून बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे. मीच देतो तिला."

टॅम्सिनने खड्डा बुजवला, माती पायाने दाबली आणि मूठ मिटून ती बाबांच्या समोरून आईकडे निघून गेली.