वीस फुटी इंद्रजीत

इंद्रजीतच्या वाढदिवसाचा उभा वीस फुटी फ्लेक्स पाचपर्यंत शहापूरच्या चौकात लागायचा होता, आणि दुपारी दोन वाजले तरी फाईल उघडेना. सापगावातलं हे फ्लेक्सचं दुकान सुनिलभाऊंचं, मी तिथली डिझायनर. ती फाईल म्हणजे भाऊंच्या आळसाचं स्मारक. दरवर्षी जुनीच घ्यायची, आधीचे फोटो न पुसता नुसते झाकायचे, वर नवे चिकटवायचे. आठ वर्षांत फुगून अडीच जीबी झाली. मी ओरडून दमले, त्यांनी कधी ऐकलं नाही.

चौथ्यांदा उघडली, पण लेयरची, म्हणजे एकावर एक चढवलेल्या फोटोंच्या थरांची, पार वाट लागली होती. शुभेच्छुकांच्या तोंडांवर काळे-हिरवे पट्टे. मी कोरी फाईल घेतली आणि शाबूत लेयर एकेक करून तिच्यात ओढायला लागले. शेवटी इंद्रजीतचा ओढला. त्याचा मास्क खराब झाला होता. मास्क म्हणजे झाकण, फोटोतलं नको ते त्याखाली लपवतात. झाकण उडालं आणि अख्खा फोटो पडद्यावर आला.

फेटा बांधून दात काढणारा इंद्रजीत. हातात पहार, तिचं टोक लाल. पायाशी एक माणूस पालथा पडलेला. त्याच्या चॉकलेटी चपलेच्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याची शिलाई होती. ती मीच घातली होती. माझा दादा, नरेंद्र, ‘बहिणीची शिलाई’ म्हणून ती चप्पल गावभर दाखवत फिरायचा.

परवा त्याला जाऊन वर्ष झालं. कोणी ठेचला ते सगळ्या सापगावला ठाऊक होतं. पण इंद्रजीत म्हणाला, मी मुरबाडला लग्नात होतो, आणि त्याच्या धाकानं एकानंही तोंड उघडलं नाही. केस मिटायला आली होती.

“भाऊ, हे काय आहे?”

सुनिलभाऊंनी पडद्याकडं पाठ केली. “त्यानंच धाडला व्हता गो. फेट्यात भारी दिसतंय, तोंड तेवढं घे, बाकी काप, बोलला. मी कापलं नाय. झाकलं.”

“वर्षभर?”

“घाबरलो.”

मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. ते म्हणाले, मोबाइलवर घे आणि पोलिसांकडं चल.

“वाटेतच त्याची पोरं मोबाइल हिसकून घेतील. साक्षीला कोण उभं राहणार, तुमी? आता सगळ्यांनाच दाखवते.” मी सगळे शुभेच्छुक काढून टाकले, तो एकच फोटो वीस फूट केला आणि प्रिंटला टाकला.

मागच्या खोलीत मशीन सुरू झालं; एकदा फाईल गेली की ते तिथल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर चालतं. अर्ध्या तासाचं काम. पडद्यावरचा फोटो बंद कर, म्हणून भाऊ गयावया करत होते. मी केला नाही. वीसेक मिनिटांनी इंद्रजीत आत आला.

“झाला काय रे बॅनर?” म्हणाला, आणि त्याची नजर पडद्यावर गेली. मग माझे केस धरून त्यानं माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. दात तुटल्याचं मला कळलं. फ्रेमचा लोखंडी पाइप उचलून त्यानं कॉम्प्युटरचा चुरा केला. माऊसवरचा माझा हातही त्याखाली चिरडला.

“आता दाखव कुनाला दाखवतेस!”

तेवढ्यात त्याला मागच्या मशीनची घरघर ऐकू आली. तो वळला, तर मागच्या खोलीच्या दारात सुनिलभाऊ उभे. हलले नाहीत. पाइपचा पहिला फटका खांद्यावर बसला. ते गुडघ्यावर आले आणि त्यांनी इंद्रजीतच्या पायांना मिठी मारली. “कुणाली, शटर!” ते ओरडले. दुसरा डोक्यात बसला. तरी मिठी सुटली नाही.

मी त्यांच्या अंगावरून रांगत मागच्या खोलीत गेले आणि धड हातानं रस्त्याकडचं शटर वर ढकललं. मशीनमधून अजून निघत असलेला ओला फ्लेक्स ओढत बाहेर नेला. आरडाओरडा ऐकून नाक्यावरची माणसं आधीच जमली होती. त्यांच्यासमोर फेटा आला, हसू आलं, मग पहार आली. सगळे वर्षभर होते तसेच मुके उभे होते. भाऊंची मिठी कशीबशी सोडवून इंद्रजीत पाइप घेऊन दारात आला आणि त्यांना बघून थबकला.

मशीनमधून शेवटचा तुकडा सरकला. पालथी पाठ, आणि पाय.

“ही तर बहिणीची शिलाई,” भाजीवाली बाईजा पुढं होत म्हणाली. “नरेंद्राची चप्पल हाय ही. आन् मी बी त्या दिवशी बघितलं व्हतं.”