पायरी म्हणू नका मला

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. हे आधीच सांगितलेलं बरं मित्रांनो, कारण मला पायरी म्हणणारे पुष्कळ भेटले आणि मला ते अजिबात खपत नाही.

कोरियातल्या आमच्या गावच्या ओढ्याकाठी मी कधीपासून पडलो होतो ते मलाही आठवत नाही. मला आकार दिला तो ओकबूनने. ती लग्न होऊन गावात आली आणि रोज माझ्यापुढे बसू लागली. राखेच्या पाण्यात भिजवलेले पांढरे कपडे माझ्यावर ठेवून ती लाकडी धोपटण्याने बडवायची, सासूवरचा रागही त्यातच काढायची. तीस वर्षांत माझ्या अंगावर तिने एक खळगा पाडला. त्या काळात आमच्यावर जपानचं राज्य होतं; त्या सरकारने आमचे पिढीजात पांढरे कपडे घालू नका असं फर्मान काढलं. बाजारात शिपाई लोकांच्या पाठीवर शाई उडवायचे. ओकबून ती शाई माझ्यावर बडवून काढायची आणि पुढच्या बाजाराला नवऱ्याला तोच सदरा घालून पाठवायची. बाई महा हट्टी.

मग टेकडीवर जपान्यांचं देऊळ उभं राहिलं. देव त्यांचा, टेकडी आमची, घामही आमचाच. पायऱ्यांना दगड कमी पडले, तेव्हा ओढ्याकाठचे आम्ही सहा धुण्याचे दगड उचलले गेलो. मी तिसरी पायरी झालो. मला विचारतंय कोण!

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या गावाने वर येऊन देवळापुढे वाकायचं, नाहीतर घराचं रेशन बंद. ओकबून तोवर आजी झाली होती, घरात सून ओली बाळंतीण होती. पहिल्या दिवशी गर्दी एवढी, की म्हातारी माणसं मागे पायऱ्यांवरच उभी राहिली. हुकूम झाला. सगळे वाकले, ओकबून ताठच. गावचा मुखिया नोह तिच्या कानाशी लागला, "आजी, वाका हो. त्या बाळंतिणीच्या ताटात काय वाढणार आहात?"

तिने मान खाली घातली आणि तिला माझा खळगा दिसला. तिने त्यावरून हात फिरवला. मग ती इतकी वाकली, की तिचं कपाळ मला टेकलं. पहाऱ्यावरचा शिपाई खूश झाला.

घरी जाऊन ती सुनेला म्हणाली, "मी माझ्या दगडाला भेटून आले गं. आत कोण बसलाय, त्याची माझी ओळख नाही."

बायकांच्या पोटात गोष्ट राहते थोडीच? पुढच्या महिन्यापासून पायऱ्यांवर ही ढकलाढकली! जिला तिला आपापल्या दगडापुढे वाकायचं होतं. जिल्ह्यातलं सर्वांत भाविक गाव म्हणून आम्हाला सरकारी शाबासकीचा कागद मिळाला. मी इतका कधी हसलो नव्हतो.

पाच वर्षांनी जपानी राज्य गेलं. गावातली तरुण मंडळी घण घेऊन चढली, त्यांनी देऊळ पाडलं आणि मग ती पायऱ्यांकडे वळली. खरं सांगतो, मी घाबरलो. तेवढ्यात ओकबून धापा टाकत आली आणि माझ्यावर फतकल मारून बसली. मंडळी म्हणाली, आजी उठा, हा दगड बाटलाय.

"मळलेलं धुतात रे," ती म्हणाली. "फोडत नाहीत. उचला आणि ओढ्यावर न्या."

त्यांनी आम्हा सहाही जणांना खाली नेलं. तिने राखेच्या पाण्याने मला घासघासून धुतलं. जन्मभर दुसऱ्यांचं धुणं सोसलं, त्या दिवशी माझं स्वतःचं झालं.

आता ओकबून नाही. घरोघरी यंत्रं आली, ओढ्यावर कुणी फिरकत नाही. परवा संग्रहालयाची माणसं येऊन मला मोजून गेली. पाटी आधीच ठरली आहे म्हणे, 'जपानी देवळाची पायरी'.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, पण तिच्यावर कुणाचे हात झिजले तेही विचारा. पाच वर्षं मला जबरदस्तीने पायरी केलं होतं. त्याआधी तीस वर्षं आणि त्यानंतरही मी ओकबूनचा होतो. पाटीवर तिचं नाव घालणार असाल, तर या आणि उचला. नाहीतर मी इथे चिखलात बरा आहे.