गेणबाची हाळी

"आलं, आलं! गेणबाआबा आलं बघा!" जालिंदर खुर्चीवर उभा राहून ओरडला आणि दौंडच्या त्या टॉकीजमध्ये वडगाव रासाईकरांनी असा काही गलका केला की पडद्यावरच्या जीपचा आवाजही त्यात बुडाला. जालिंदरने स्वतःचा टेम्पो काढून अख्खी आळी इथवर आणली होती. एवढे ओरडायचा हक्क त्याला होताच.

सगुणाबाईने पदर डोक्यावर ओढला आणि पुढे वाकून बघू लागली. चैतात गेलेला नवरा आता तिला दिसणार होता.

तिच्याकडे गेणबाचा धड फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावर होता, पण त्यात तो इतका दचकलेला की नात मोनिका त्याला बघून हसायची. आणि फोटो असता तरी फोटो काय बोलतो? सगुणाबाईला त्याची हाळी ऐकायची होती. टाळूला जीभ लावून दोन टिचक्या आणि मग छातीतून लांबवर काढलेला हेल. धनगरांत ज्याची त्याची हाळी निराळी. शंभर कळप एका माळावर मिसळले तरी मेंढरू आपल्या मालकाच्या हाळीला वळते, दुसऱ्याच्या नाही. पहाटे कोकणच्या वाटेवर ती हाळी उठली की सगुणाबाई घोड्यावर बिऱ्हाड चढवायला लागायची. सारा संसार तिचा त्या आवाजामागून चालला होता. आवाज गेला आणि घर इतके गप्प झाले की तिला स्वतःच्या बांगड्यांचाही राग यायचा.

शूटिंग झाले ते मागच्या दिवाळीआधी, नदीकाठच्या माळावर. मुंबईच्या लोकांना जीपपुढे पळायला मेंढरे हवी होती आणि सोबत एक म्हातारा धनगर. गेणबा संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, "जीप अशी अंगावर आली गं, पर म्या जागचा हाललो न्हाई. येक हाळी दिली, समदी मेंढरं पायापाशी गोळा! हिरो खाली उतरला, हात जोडलं. म्हनला, बाबा, असा मानूस बघितला न्हाई." हात जोडल्याचे सगुणाबाईला तेवढे खरे वाटले नव्हते, मनुष्य थोडी फोडणी घालतोच. पण हाळीवर तिचा पुरता विश्वास होता. शूटिंगच्या पैशांतून त्याने तिला लुगडे आणले. तेच नेसून ती आज आली होती.

पडद्यावर माळ दिसला. आपलाच माळ, ती बाभळ, मागे भीमेचे पात्र. जीप उधळत आली. मेंढरे चहूकडे फाकली. आणि त्यांच्यामधून गेणबा धावला. हातात काठी नाही, पटका सुटलेला, पटक्याचे टोक दातांत धरलेले. धावता धावता तो कमरेवर आपटला, धोतर गुडघ्यावर गेले, आणि पाय वर झाले. "अरे बाप रे, मर गया रे!" असा कुणाचा तरी चिरका, नाटकी आवाज आला. हिरोने मागे वळून डोळा मारला. जीप गेली.

टॉकीज हसून हसून लोळली. शिट्ट्या, टाळ्या. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी तोच चिरका आवाज काढला आणि पुन्हा हशा पिकला. सुषमा, तिची सून, तोंडाला पदर लावून हसत होती. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हते, सासरा पडद्यावर दिसल्याचाच आनंद होता.

सगुणाबाई मात्र दगड झाली. ज्याच्या दातांत पटका आहे तो ओरडेल कसा, हे एवढ्या माणसांत एकालाही सुचले नाही. आणि ती पडण्याची जागा, ती डावी कंबर. गेल्या दिवाळीत महिनाभर तिने तिथेच विटेचा शेक दिला होता. "मेंढरू आडवं आलं," एवढेच तो म्हणाला होता.

इंटरव्हलला मल्हार चहा घेऊन आला. मल्हार तिचा थोरला, शिक्रापूरला कंपनीत कामाला. शूटिंगला तो बापाबरोबर गेला होता.

"आये, घे. गार व्हईल."

"मल्हार, त्यांच्या तोंडात पटका कुनी दिला?"

मल्हारने कप तसाच धरून ठेवला.

"मेंढरं पळाया पायजे हुती, आये. पर जीप आली की आबाच्या तोंडातनं आपसूक हाळी निघायची. मेंढरं पळायची सोडून आबापाशी यायची. पुन्यांदा, पुन्यांदा तेच. त्यो सायेब लई चिडला. आबा म्हनलं, मी काय मुद्दाम करत न्हाई, गाडी दिसली की निघती. मग त्यांनी पटक्याचं टोक दातात धराया लावलं."

"आन् पाडलं?"

"पडा म्हनलं. दर डावाला सायेब म्हनायचा, हसू येत न्हाई. पुन्यांदा पडा. मी म्हनलो, आबा, चला घरी. तर म्हनलं, शब्द दिलाय. आन् म्हनलं, तुझ्या आयला यातलं कायबी सांगू नगं."

सगुणाबाईने चहा घेतला आणि तो गार होईपर्यंत हातातच धरला. त्या दिवाळीनंतर गेणबा कोकणात उतरला नाही. कंबर चालू देईना. जन्मात पहिल्यांदा कळप दुसऱ्याच्या मागे वाटेला लागला आणि पुढे विकलाच. मग माणूस बाजेवर पडून राहिला, खंगला, आणि चैतात गेला. डॉक्टर वय झाले म्हणाले होते, तिनेही तेच धरून ठेवले होते. आता काय धरावे ते तिला कळेना. रागवावे तर कुणावर? मुंबईच्या माणसांची तोंडेही तिने पाहिली नव्हती. ती रागावली गेणबावरच. एकदा बोलला असता, तर शेक देताना तिने शंभर शिव्या घातल्या असत्या त्या लोकांना आणि त्याला थोडे बरे वाटले असते.

बाकीचा पिक्चर तिने लुगड्याच्या काठाकडे बघत काढला. पडद्यावर माणसे उडत होती, गाड्या पेटत होत्या, लोक बेहद्द खूश होते.

परतताना टेम्पोत पोरांनी एकेक मारामारी परत करून दाखवली. जालिंदर गाडी चालवता चालवता मागे ओरडला, "काकी, कसा वाटला पिच्चर? आबानं नाव काढलं का न्हाई गावाचं? पुढच्या रैवारी परत जायाचं!"

"मला न्हाई आवडला," सगुणाबाई म्हणाली.

पोरांचे उगारलेले हात तसेच राहिले. मग आळीतला कोंडिबा म्हणाला, "आवं, म्हातारीला हिंदी कुठं कळतंय!" आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मल्हारने तोंड उघडले होते, पण सगुणाबाईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. गेणबाने ही गोष्ट झाकून ठेवली होती. त्याचे झाकलेले तिला भर टेम्पोत उघडे करायचे नव्हते. गावाला तो पडद्यावर गेलेला मोठा माणूस होता, तर असू दे तसाच.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. सुषमा चुलीला लागली. अंगणात मोनिका शेजारच्या पोरींना दाखवत होती, आबा कसा पडला ते. फ्रॉक सावरत ती धावली, मातीत बसली, पाय वर केले आणि चिरक्या आवाजात ओरडली, "अरे बाप रे, मर गया रे!" पोरी खिदळल्या.

सगुणाबाईने तिला उठवून तिच्या पाठीची माती झाडली.

"तुजा आबा आसा वरडत नव्हता, बये."

"मग कसा?"

सगुणाबाई घुटमळली. तिने आयुष्यात कधी हाळी दिली नव्हती. ते काम गेणबाचे. तिने टाळूला जीभ लावून दोन टिचक्या दिल्या आणि छातीतून हेल काढला. अर्ध्यातच तो फाटला. मोनिका हसली नाही, नुसती बघत राहिली.

पण परड्यात काहीतरी हलले. कळप विकताना कुणी घेतल्या नाहीत अशा दोन म्हाताऱ्या मेंढ्या तिथे बांधलेल्या होत्या. रवंथ टाकून त्या धडपडत उभ्या राहिल्या, कान टवकारले. सगुणाबाईकडे त्यांनी बघितलेही नाही. दोघी नदीच्या वाटेकडे तोंड करून उभ्या होत्या.

सगुणाबाई त्यांच्याजवळ गेली, एकीच्या मानेवरून हात फिरवला.

"न्हाई बायांनो, कुनी येत न्हाई. बसा."

मेंढ्या उभ्याच राहिल्या.