दाढीवाल्याची खोली

इतर ठिकाणी 'राहून-जेवून' म्हणजे काय, तर खाट मिळते आणि ताट मिळतं. माझ्या आत्याच्या घरी तसलं काही नव्हतं. "जो जेवतो तो राहतो," आत्या म्हणायची. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे टोले पडले की ताटं वाढायची. ज्याचं ताट तसंच राहिलं, त्याची खोली गेली. मग ताप असो नाहीतर लग्न.

माडीवरची लांब खोली घड्याळजीची होती. त्याची दाढी एवढी लांब, की तिला वेगळी खाट लागायची. अशी खोली गावात दुसरी नव्हती. तिच्यावर एका छत्रीवाल्याचा डोळा. तो रोज जेवणाच्या वेळी दारात ट्रंकेवर बसून घड्याळजीच्या ताटाकडे टक लावायचा.

एकदा घड्याळजी मनोऱ्याच्या घड्याळाला तेल घालायला चढला आणि दाढी चाकांत अडकली. घड्याळ बंद. वरच्या झरोक्यातून तो ओरडला, "आत्याबाई, वाढू नका हो! टोले पडलेले नाहीत!"

"दाढी काप की मेल्या!" छत्रीवाला खालून.

"तुझी छत्री काप!"

आत्याने झाकणं उचललीच नाहीत. नियम म्हणजे नियम. टोले नाहीत, तर जेवण नाही. मी चुलीवरचा रस्सा एवढा आटवला, की त्यात पळी उभी राहिली. गिऱ्हाइकं टेबलाच्या कडा चाटायला लागली. सूर्यसुद्धा बिचारा मावळू की नको करत छपरावर टेकला होता.

शेवटी छत्रीवाल्याच्या पोटाने दगा दिला. तो समोरच्या खाणावळीत शिरला आणि पोटभर जेवला.

"झालं," आत्या म्हणाली. "जेवला तिकडे, आता राहू दे तिकडेच." तिने त्याची ट्रंक स्वतः रस्ता ओलांडून पोचवली. तळणाच्या तेलाची किटली घेतली, मनोरा चढली आणि सगळं तेल दाढीवर ओतलं. दाढी सुळकन निसटली. राहिलेले सगळे टोले एका दमात पडले. कबुतरं उडाली ती अजून परत यायची आहेत.

घड्याळजी धावत येऊन ताटावर बसला. दुपारचं जेवला, हात न धुता रात्रीचंही जेवला. खोली राहिली.

फक्त दाढीला तळणाचा वास राहिला तो कायमचा. त्यामुळे झोपेतसुद्धा त्याला भूक लागायची, आणि पुढे त्याचं ताट कधी तसंच राहिलं म्हणून नाही.