गोठ्यातलं घड्याळ

मारितने शिडीवर चढून गोठ्यातलं घड्याळ खिळ्यावरून काढलं, बाहीने काच पुसली आणि खाली इंग्वेच्या हातात दिलं.

"घ्या काका, मांडा तुमच्या प्रदर्शनात. परत मात्र आणून द्या, नाहीतर बाबा थडग्यातून उठून शोधायला येतील."

इंग्वे हसला. वय त्र्याहत्तर, निवृत्त गणितशिक्षक, आणि अख्खा जेम्टलांड प्रांत ज्याला 'तबकडीवाला मास्तर' म्हणून चिडवतो तो हाच. चिडवणाऱ्यांचं काय जातंय म्हणा. उडत्या तबकड्या शोधणारा म्हणजे डोकं फिरलेला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा याच्या फायली उघडून बघाव्यात. शंभरातली सत्त्याण्णव प्रकरणं यानेच निकालात काढली होती. हा शुक्र, तो हवामानाचा फुगा, ते शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे दिवे. साक्षीदाराला हात लांब करून नाणं धरायला लावायचा आणि वस्तू त्याच्यापेक्षा मोठी होती की लहान ते विचारायचा. वारा कुठून होता, कुत्रं भुंकलं का, सगळं लिहून घ्यायचा.

उरलेल्या तिनांतलं एक प्रकरण मात्र त्याच्या जिवाचं होतं. आठ एप्रिल १९८०, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मारितचे वडील एलोफ गोठ्याच्या दारात उभे होते; वेळ त्यांनी याच घड्याळात पाहिली. समोर ब्येर्न तळ्याच्या वरच्या टोकाला नदी येऊन मिळते, तिथे बर्फ धरत नाही. उन्हात चमकणारं काहीतरी लांबट, जराही आवाज न करता, तिथे पाण्यात गेलं. लोक हसतील म्हणून एलोफ तीन आठवडे गप्प बसले, आणि बोलले ते पोलिसांपाशी नाही, इंग्वेपाशी. आता गेल्या शरदात इंग्वेच्या तबकड्या शोधणाऱ्या मंडळाने ध्वनिलहरींनी तळं तपासलं, तर चौसष्ट मीटर खोल, गाळात, आठ मीटर लांबीची एक सावली मिळाली. शनिवारी प्रदर्शन मांडून ती जाहीर होणार होती. स्टॉकहोमहून पत्रकार यायचे होते, तळ्याकाठी पाटी लागायची होती. माणसाने आयुष्यभर जी थट्टा सोसली तिची भरपाई म्हणून एक शनिवार काही जास्त नाही.

"आणि हो, ह्याच्या भरवशावर गाडी पकडायला जाऊ नका," मारित शिडी आवरत म्हणाली. "उन्हाळाभर तासाने मागे असतं."

"बिघडलंय का?"

"छे. बाबांनी ते कधी पुढे केलंच नाही. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची टूम निघाली तेव्हा मी सात वर्षांची होते. आई सांगून सांगून थकली. बाबा म्हणायचे, गाईंची कास काय संसदेला विचारून भरते का? घरात सरकारी वेळ, गोठ्यात गाईंची. त्या भानगडीत आमची शाळेची बस चुकायची."

इंग्वेचा हात काचेवर होता तिथेच राहिला. "हे कोणत्या साली?"

"ऐंशी. ईस्टरच्या रविवारी. का हो?"

ईस्टरचा रविवार म्हणजे सहा एप्रिल. एलोफने पाहिलं ते मंगळवारी, आठ तारखेला. इंग्वे काहीतरी पुटपुटला आणि घड्याळ छातीशी धरून गाडीत जाऊन बसला.

त्याच मंगळवारी सकाळी सिक्सटेन रास्क नावाचा माणूस आपलं छोटं विमान घेऊन निघाला आणि नाहीसा झाला. रेडिओवर तो शेवटचा बोलला सात बावन्नला. शोधाशोध भलत्याच डोंगरात झाली, काही मिळालं नाही. मे महिन्यात त्याची बायको हिलेवी पेपरात एलोफची बातमी वाचून इंग्वेच्या दारात आली. ते माझ्या नवऱ्याचं विमान तर नसेल, एवढंच तिला विचारायचं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या इंग्वेने कागद घेतला, पट्टी घेतली आणि रेघ मारून दाखवली. वस्तू पाण्यात गेली सात दहाला. तुमचा नवरा बेचाळीस मिनिटांनंतरही रेडिओवर बोलत होता. म्हणजे तो नाही. हिलेवीने मान डोलावली आणि ती निघून गेली. पोलिसांनाही त्याने तेच गणित दिलं. तळ्यात कुणी उतरलं नाही.

गोठ्यात सात दहा, म्हणजे सरकारी आठ दहा. रेडिओ बंद पडल्यावर अठरा मिनिटांनी.

त्याने सावलीचं चित्र पिशवीतून काढलं. आठ मीटर लांबी, मध्ये आडवा पट्टा. शरदात बोटीवर कुणीतरी म्हणालंही होतं, मास्तर, हे तर विमान दिसतंय. आणि त्याने त्या माणसाला झापलं होतं, त्याच बेचाळीस मिनिटांवरून. असंच दुसरं चित्र त्याने चौकट करून घरात टांगलं होतं. रोज सकाळी त्याच्याकडे बघत तो कॉफी प्यायचा.

मारितला घड्याळाचं माहीत होतं, पण आपल्याला काय माहीत आहे हे तिला कळलेलं नव्हतं. इंग्वे गप्प राहिला तर शनिवार सुखाने पार पडला असता. पाणबुडे उन्हाळ्यात उतरायचे होते, तेही पुढे ढकलता आलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं याची त्याला भयंकर लाज वाटली.

चारच्या सुमाराला तो एस्टरसुंद शहरात हिलेवीच्या दारात उभा होता. दारावरच्या पाटीवर रास्क नव्हतं, तिचं माहेरचं आडनाव होतं. फोनवर तिने 'या' म्हटलं होतं, पण आवाजात उत्साह नव्हता. ऐंशी वर्षांची बाई, पाठ ताठ. टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"पुन्हा पट्टी आणलीत का?" ती म्हणाली.

"आणली नाही. हिलेवीबाई, माझी चूक झाली."

त्याने सगळं सांगितलं, उभ्यानेच. घड्याळ, गाई, रविवार, मंगळवार. चित्र त्याने टेबलावर ठेवलं. "पाणबुडे उतरेपर्यंत पुरावा म्हणता येणार नाही," तो म्हणाला. "पण माझी खात्री आहे."

हिलेवीने चित्र जवळ ओढलं. खाली रस्त्यावरून बस गेली.

"तो नॉर्वेत एका बाईबरोबर राहतो असं म्हणायचे," ती शेवटी म्हणाली. "इथल्या दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे. दोन वर्षं मी भांडले त्यांच्याशी. मग मलाही तेच खरं वाटायला लागलं. का, माहितीये? तुम्ही रेघ मारून दाखवली होतीत म्हणून. तळ्यात नाही, डोंगरात नाही, मग गेला कुठे? तिसऱ्या वर्षी मी त्याचे कपडे जाळले. मुलगी अजून बापाचं नाव काढू देत नाही."

हिलेवीने चित्र पालथं ठेवलं.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही. आधी तुम्हाला. शनिवारचं मी रद्द करतो."

"रद्द करायचं नाही." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "येऊ देत सगळे. नॉर्वेच्या बाईच्या गोष्टी सांगणारे अजून जिवंत आहेत, त्यांना मी स्वतः बोलावते. तुम्ही तिथे उभं राहायचं आणि चूक कुणाची ते सांगायचं. पाटीवर त्याचं नाव घालायचं."

"घालतो."

ती उठली. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून तिने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पितळेची पाटी होती, काळी पडलेली, जुन्या घराच्या दारावरची. रास्क. कपडे जाळले तरी हिने ही ठेवली होती. सोबत तिने एक पेचकस इंग्वेच्या हातात दिला.

तो बाहेर जिन्यात दारापाशी गुडघे टेकून बसला आणि ती पाटी दारावर लावू लागला. पेच दोनदा खाली पडला. हिलेवी मागे उभी राहून बघत होती. पाटी जराशी तिरकी बसली, तो सरळ करू लागला, तर ती म्हणाली, "राहू दे." मग आत जाऊन तिने टेबलावरचा, इंग्वेसाठी मांडलेला कप उचलला आणि परत फळीवर ठेवला.